जुन्या गिटारला नव्याचा भाव

आजकाल मला सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे एक स्क्रीनशॉट आणि त्याच्याखाली "दादा, एवढ्याला देऊन राहिला, घेऊ का?" आणि बहुतेक वेळा मला नको म्हणावं लागते. चार वर्षं वापरलेली गिटार, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) घासलेले, बॅगची चेन तुटलेली, आणि मालक नव्यापेक्षा हजार-पाचशेच कमी मागून राहिला. अ‍ॅम्पचं (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) तेच, कीबोर्डचं तेच, ऑक्टापॅडचं, म्हणजे काठीनं वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडचं, तर विचारूच नका. वर लिहिलेलं असते "फिक्स्ड प्राइस, टाइमपासवाल्यांनी मेसेज करू नये." मेसेज करणारं पोरगं अकरावी-बारावीतलं, घरून महत्प्रयासानं पाच-सहा हजार मंजूर करून घेतलेले. ते टाइमपास करत नसते हो, त्याच्याकडे तेवढेच असतात.

नागपुरात पूर्वी साधा हिशोब होता. वस्तू चांगली असली तर नव्याच्या अर्धी, खरचटलेली असली तर तिसरा हिस्सा. कोणी कुठं लिहून ठेवला नव्हता पण सीताबर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंत सगळे तोच धरून चालायचे. आणि माल यायचा कुठून तर होस्टेलमधून. व्हीएनआयटी, मेडिकल, हिंगणा रोड आणि काटोल रोडकडची इंजिनियरिंग कॉलेजं, मे-जून आला की फायनल इयरवाले गाशा गुंडाळायचे, गादी, पुस्तकं, ट्रंक, एवढं सगळं घेऊन जनरल डब्यात चढायचं त्यात गिटार कोण सांभाळणार, मग ती ज्युनियरच्या गळ्यात. ज्युनियर दोन-तीन वर्षं वाजवायचा आणि पुढच्याला द्यायचा. मी अशी एक काळी गिटार पाहिली आहे जिच्या मागच्या बाजूला प्रत्येक मालकानं आपलं स्टिकर लावलेलं, एकावर एक, कडा निघालेल्या, कोणाचं बँडचं, कोणाचं कॉलेजच्या फेस्टचं, एक तर नुसतं शाईनं लिहिलेलं ब्रँचचं नाव. त्या एका गिटारवर किती जण पहिला जी कॉर्ड शिकले असतील! त्यातले काही आज सिव्हिल लाइन्सला देशपांडे सभागृहात ऑर्केस्ट्रात वाजवतात, काही पुण्याला जाऊन स्टुडिओत बसले.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या गावातले वाजवणारे ह्या हातोहात फिरणाऱ्या स्वस्त सामानातून तयार झाले. दुकानातून कोरी करकरीत गिटार घेऊन शिकलेले मला फार थोडे माहीत आहेत. म्हणून जुन्या मालाचा भाव चढणं मला नव्या मालाच्या भाववाढीपेक्षा जास्त टोचते.

आता भाव का चढले हेही नीट बघायला पाहिजे, उगाच विकणाऱ्याच्या नावानं बोटं मोडून काय होणार. नवीन सामान महाग झालं हे खरंच आहे. २००८ च्या सुरुवातीला डॉलर चाळीस रुपयांच्या आसपास होता, २०२२ मध्ये ऐंशीच्या वर गेला. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गिटार इंडोनेशिया नाहीतर चीनमध्ये बनतात, म्हणजे डॉलर वाढला की भाव वाढला, त्यावर कस्टम ड्युटी, त्यावर जीएसटी. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा गिटारसारखी वाद्यं थेट २८ टक्क्यांत टाकली होती, जशी काही चैनीची वस्तू, नोव्हेंबरमध्ये ते १८ वर आणलं. हातानं बनवलेल्या देशी वाद्यांना सूट मिळाली ते चांगलंच झालं, पण गिटार शिकणारं पोरगंही शिकतच असते ना.

त्याच वर्षी लाकडाचं झंझट झालं. २ जानेवारी २०१७ पासून शिसमच्या सगळ्या जाती साइट्स (CITES) ह्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आल्या, म्हणजे देशाबाहेर न्यायला परवान्याची कागदपत्रं आली, आणि फ्रेटबोर्डला (मानेवरची फळी, जिच्यात फ्रेट बसवतात) तर बरेचदा शिसमच लागायचं, त्यातही भारतातलं. कंपन्यांनी कागदपत्रं टाळायला दुसरी लाकडं वापरायला सुरुवात केली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली पण तोवर "जुनी आहे, खरं शिसम आहे" म्हणून जास्त मागायची सवय लागली ती लागलीच.

आणि मग लॉकडाऊन. घरात बसलेल्या अख्ख्या जगाला गिटार आठवली, २०२० हे फेंडर कंपनीचं तोवरचं सगळ्यात जास्त विक्रीचं वर्ष ठरलं. एकीकडे मागणी अशी, दुसरीकडे कंटेनरचं भाडं कुठल्या कुठं गेलं, आणि त्यातच ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमध्ये एकेएमच्या चिप फॅक्टरीला आग लागली. आवाजाचं डिजिटल करणाऱ्या ज्या चिप लागतात त्या तिथं बनायच्या, कितीतरी कंपन्यांच्या इंटरफेसमध्ये (गिटार-माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) त्याच. मग २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध, रशियातून येणाऱ्या ट्यूब, म्हणजे काही अ‍ॅम्पमध्ये लागणाऱ्या काचेच्या नळ्या, अडकल्या. नागपुरात ट्यूब अ‍ॅम्प आहेतच किती, पण ज्यांच्याकडे आहेत त्यांना विचारा ट्यूबची जोडी बदलायला काय लागते.

हे सगळं मान्य. पण ही सगळी कारणं नव्या मालाची आहेत. मानेवाड्याच्या एका बेडरूममध्ये पलंगाखाली पाच वर्षं पडून असलेल्या अ‍ॅम्पला कुठला कंटेनर लागला? त्याची ड्युटी तर तेव्हाच भरून झाली होती, जुन्या भावानं.

विकणारा म्हणतो मी हा विकून दुसरा घ्यायला गेलो तर मला आजच्या भावानंच मिळेल ना. हे मला समजते. थोडं वाढवून माग, काही हरकत नाही. पण वॉरंटी संपली, फ्रेट झिजले, पॉटमध्ये (व्हॉल्यूमच्या बटणात) धूळ गेली, ह्याचं काहीच कापायचं नाही का?

गेल्या महिन्यात भाच्याला घेऊन असाच एक अ‍ॅम्प बघायला गेलो होतो. छोटा, पंधरा वॉटचा, प्रॅक्टिसचा. विकणारा पोरगा नोकरीला लागलेला, बोलायला चांगला, चहापण पाजला. अ‍ॅम्प चालू केला तर गिटार न लावताच गुंऽऽ असा आवाज. व्हॉल्यूम फिरवला तर खर्र खर्र. इनपुटमध्ये वायर घातली की एका बाजूला दाबून धरली तरच आवाज येत होता, सोडली की गायब. भाचा माझ्याकडे बघून राहिला. मी समोरची जाळी काढायला सांगितली तर स्पीकरच्या कोनवर (पुढच्या पडद्यावर) एका जागी फेव्हिकॉल आणि कागदाचा तुकडा चिकटवलेला, व्यवस्थित, गोल कापून. म्हटलं किती? तर म्हणे साडेसात हजार.

"काका, ऑनलाइन बघा ना, पुण्यात हाच मॉडेल साडेआठला टाकलाय."

"टाकलाय ना, विकला गेला का?"

त्याला ते सांगता आलं नाही, आणि कोणालाच येत नाही, कारण आपल्याकडच्या साइटवर फक्त मागितलेला भाव दिसतो, व्यवहार कितीत झाला ते कुठंच दिसत नाही. एकानं साडेआठ टाकलं ते बघून दुसरा आठ टाकतो, तिसरा नऊ. तो पुण्याचा अ‍ॅम्प कदाचित वर्षभर तिथंच पडला असेल. बाहेर रिव्हर्बसारख्या वाद्यांच्या साइटवर प्रत्यक्ष झालेल्या विक्रीवरून किमतीचा अंदाज देतात, तसं काही इथं असतं तर निम्मी भाववाढ आपोआप उतरली असती असं मला मनापासून वाटते. आणि ती साइट बाहेरची असूनही आपले लोक तिथला डॉलरमधला आकडा बघून गुणाकार करतात ते वेगळंच.

हां, काही गोष्टींना खरंच भाव आहे आणि तो असायलाच पाहिजे. क्लॉन सेंटॉर नावाचा पेडल (गिटारचा आवाज बदलणारा, पायानं दाबायचा डबा) बिल फिनेगन ह्या माणसानं १९९४ पासून बनवला, साधारण आठ हजारच बनले, आता तो हजारो डॉलरला जातो. ऐंशीच्या दशकातले जपानमध्ये बनलेले बॉसचे पेडल, तेही तसेच. आणि आपल्या घराजवळचं उदाहरण पाहिजे तर जर्मन रीडची जुनी पेटी. महालातल्या कुठल्या वाड्यात एखादी निघाली की पेटीवाले धावत जातात, आणि बरोबर जातात, त्या रीड आता बनत नाहीत तशा, आवाज ऐकलात की पैसे का मोजतात ते कळते. ती वस्तू संपत चाललेली आहे. पण फॅक्टरीतून आजही महिन्याला ढिगानं निघणाऱ्या मॉडेलला "आता मिळत नाही साहेब" म्हणून विकणं, हे नाही पटत.

नागपुरात अजून दोन गोष्टींनी भाव चढवले. एक म्हणजे कराओके. दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये कार्यक्रम, रिटायर झालेली माणसं हौसेनं गातात, मला ते फार आवडते, पण मिक्सर, माइक, पॉवर्ड स्पीकर जे येईल ते मागितलेल्या भावात उचललं जाते. त्यात शुअर एसएम-५८ च्या नकला इतक्या फिरतात की विचारू नका. खरा माइक जवळपास तीनशे ग्रॅम भरतो, तराजूवर ठेवा, हलका निघाला तर हात जोडा आणि निघा. दुसरं म्हणजे सीझन. मिरवणुकीत वाजवणाऱ्या संदल-धुमालवाल्यांना मारबत (आपल्या नागपूरची पुतळ्यांची मिरवणूक), गणपतीच्या आधी ऑक्टापॅड, बेंजोचा आवाज उचलणारे पिकअप, भोंगे पाहिजे असतात, भीमगीतांच्या पार्ट्यांना १४ एप्रिलच्या आधी आणि परत दीक्षाभूमीच्या वेळी. ह्या पोरांचं तर पोट आहे त्याच्यावर. रोलँडचा जुना एसपीडी-२० ऑक्टापॅड, रबर घासून गुळगुळीत झालेला, दोन पॅड जोरात मारल्याशिवाय वाजत नाहीत, तो ऑगस्टमध्ये ज्या भावाला जातो ना, दिवाळीनंतर त्याच्या कितीतरी खाली मिळतो. ज्याला शिकायला पाहिजे त्यानं ऑगस्टमध्ये बाजारात उतरूच नये.

गिटार बघायला जाल तेव्हा काय बघायचं ते पण लिहून टाकतो, परत परत टाइप करून राहिलो म्हणून. हेडकडून डोळा लावून मान बघा, बंदुकीचा नेम धरल्यासारखी, वाकलेली असली की दिसते. जाड तार पहिल्या फ्रेटला आणि शेवटच्या फ्रेटला एकाच वेळी दाबा, मध्ये सातव्या फ्रेटजवळ कागद जाईल एवढीच फट पाहिजे, नाणं गेलं तर मान ओढली गेलीय. बारीक दोन तारांखालचे फ्रेट नखानं चाचपा, खड्डे लागतात का. फ्रेट बदलून देणारा माणूस इथं शोधावा लागतो, तो खर्च आधीच किमतीतून वजा करून बोला.

आणि आपल्या नागपूरची खास गोष्ट म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हवा इतकी कोरडी की लाकूड आकसते आणि फ्रेटची टोकं बाजूला निघतात, हात फिरवला की खरचटते. मग लोक त्याच खोलीत कूलर लावतात, रात्रभर ओली हवा गिटारवर, सकाळी बंद, दुपारी परत भट्टी. दोन उन्हाळे असे काढले की ब्रिज (खाली तारा अडकवतात ती पट्टी) मागच्या बाजूनं उचलायला लागतो. लग्नपत्रिकेसारखा जाड कागद ब्रिजखाली सरकवून बघा, आत गेला तर सोडून द्या, कितीही स्वस्त असो. सॉलिड टॉपवाली (समोरची फळी अखंड लाकडाची) महागडी गिटार ह्या हवेत जास्त नाटकं करते, प्लायवाली साधी गिटार टिकते, म्हणून पहिली गिटार साधीच घ्या असं मी सगळ्यांना सांगतो. अ‍ॅम्पसाठी स्ट्रेंजरसारखे देशी अ‍ॅम्प बघा, रिपेअर करणारा कुठंही सापडतो, पार्ट मिळतात.

भाच्याचा अ‍ॅम्प आम्ही नाहीच घेतला. त्या पोराला मी जॅक बदलून घ्यायला सांगितलं, दीडशे-दोनशेत होते, आणि मग साडेचार हजार माग म्हटलं. अजून टाकून ठेवलाय त्यानं, सातला.

माझ्याकडून जे सामान गेलं ते मी पहिल्यांदा शिकणाऱ्याला घेतलेल्या भावापेक्षा कमीच दिलंय आणि पुढंही देणार, धंदा करणाऱ्याला वेगळा भाव. सगळ्यांना हे जमेलच असं नाही, कोणाला खरंच पैशांची गरज असते. पण जे यंदा पासआउट होऊन राहिले, नोकरी लागली, बंगलोर-हैदराबादला चालले, त्यांना एक मागणं आहे. गिटार ऑनलाइन टाकायच्या आधी होस्टेलच्या, कॉलेजच्या ज्युनियरच्या ग्रुपवर टाका. अर्ध्या किमतीत. आठवडाभर थांबा. त्यात कोणीच नाही आलं तर मग खुशाल टाका जिथं टाकायची तिथं आणि मागा काय मागायचं ते.