पैसे मी घेतले, हे पण लिहा

साठी ओलांडलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदाच मटक्याच्या नादाला लागलाय असं कुणी सांगितलं, की मी आधी त्याच्या औषधांची फाइल मागतो. राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यात अण्णांना त्यांचा धाकटा भाऊ आणि बायको घेऊन आले, तेव्हाही तेच केलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अण्णा करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे निवृत्त सचिव. उभ्या जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता. काही वर्षांपासून कंपवात होता, आणि फाइलमध्ये प्रामिपेक्सोल होतं.

कंपवातात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हालचाल मंदावते, हात कापतो. प्रामिपेक्सोल डोपामिनची जागा घेतं, आणि त्यानं अण्णांचं चालणं खरोखर सुधारलं होतं. पण ‘आता मिळणार’ ही ओढ मेंदूच्या ज्या भागात उपजते, तिथंही हे औषध जोरानं काम करतं. अमेरिका आणि कॅनडातल्या 3,090 रुग्णांची पाहणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. प्रामिपेक्सोलच्या गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी 17.1 टक्के रुग्णांना जुगार, खरेदी, खाणं किंवा कामवासना यांपैकी कशाचा तरी आवर राहत नव्हता. न घेणाऱ्यांत हे प्रमाण 6.9 टक्के होतं.

न्यूरॉलॉजिस्टशी बोलून डोस हळूहळू उतरवला. एकदम बंद केला तर घबराट आणि नैराश्य येऊ शकतं. काही आठवड्यांत ओढ ओसरली. “आता त्या टपरीवरनं जातो, पण काय वाटतच न्हाई बघा,” अण्णा म्हणाले.

मला सांगायचाय तो दिवस त्यानंतरचा. अण्णा गल्लीतली भिशी सांभाळायचे आणि तिचे एक लाख ऐंशी हजार आकड्यांवर गेले होते. भिशीतल्या बायका पोलिसांत जायचं म्हणत होत्या. भावाला माझा दाखला हवा होता. मजकूर त्यानं घरूनच लिहून आणला होता: जे झालं ते औषधामुळे झालं, यात पेशंटचा काडीचाही दोष नाही.

अण्णांनी पिशवीतून भिशीची वही काढून टेबलावर ठेवली. कंपवातात अक्षर बारीक होत जातं. जुन्या पानांवर ते ओळीच्या शेवटाकडं मुंगीएवढं झालेलं दिसत होतं. औषध सुरू झालं आणि अक्षर पुन्हा मोठं, सुटं झालं. त्याच सुटसुटीत अक्षरात पुढं नोंदी होत्या, ‘स्वतः उचल’, तारीख, रक्कम, सही. एकही रक्कम दडवलेली नव्हती. ज्या गोळीनं हाताला वळण परत दिलं, तिनंच तो हात पेटीकडं नेला होता.

“गोळीचं लिहा की. खरंच हाय ते,” अण्णा म्हणाले. “पण पैसे मी घेतले, हे पण लिहा. वही काय गोळीनं लिवली न्हाई.”

“अण्णा, तुला कळतंय का काय बोलतोयस? हे वाचून तुलाच धरतील!” भाऊ उखडला.

कायद्याच्या बाजूनं भावाची भीती रास्त होती. दंड संहितेचं कलम 84, म्हणजे 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचं कलम 22, विचारतं ते एवढंच: आपण काय करतोय, ते चूक किंवा बेकायदा आहे, हे कळण्याची क्षमता मनोविकारानं गेली होती का? अण्णांना सगळं कळत होतं. सुटला होता तो लगाम. कळतं पण आवरत नाही, या अवस्थेला आपल्या कायद्यात थारा नाही. अर्जुनानं गीतेच्या तिसऱ्या अध्यायात हेच विचारलंय: इच्छा नसताना, बळजबरीनं जुंपल्यासारखा माणूस पाप करतो, ते कशामुळे? कृष्ण कारण सांगतो, काम आणि क्रोध. पण कारण सांगून अर्जुनाला मोकळं सोडत नाही; हा शत्रू तूच मार, म्हणतो.

पीटर स्ट्रॉसन या ब्रिटिश तत्त्वज्ञानं 1962 मध्ये मांडलं, की राग, कृतज्ञता, क्षमा यांतून आपण समोरच्याला माणूस म्हणून वागवत असतो. त्याच्याकडं फक्त उपचार करायची वस्तू म्हणून पाहिलं, की हे सगळं बाजूला पडतं. ती नजर माझ्या धंद्यात रोज लागते, आणि लागायलाच हवी. पण भावाच्या मजकुरात अण्णा कुठं उरलेच नव्हते. औषध नसतं तर ते मटक्याला लागले नसते याची मला खात्री आहे, म्हणून दोष मी त्यांना देणार नाही. जबाबदारी मात्र वेगळी. झाल्या गोष्टीला ‘माझी’ म्हणायचा त्यांचा हक्क दाखला देऊन काढून घेणं मला मान्य नाही. शुद्धीवर आलेल्या माणसाकडं तेवढं तरी राहिलं पाहिजे.

तोवर गप्प बसलेल्या काकू, अण्णांच्या बायको, बोलल्या. “जबाबदारी हे घेणार, आणि भरायची कुणी? वर्षाला एक उसाचं बिल येतंय. माझं गंठण पण गेलंय त्यात. मी तर गोळीबी खाल्ली नव्हती.”

याला स्ट्रॉसनकडं उत्तर नाही, माझ्याकडंही नव्हतं. जबाबदारीची चर्चा करणारे आपण सगळे एकट्या माणसाची चर्चा करतो, आणि त्याचं घर बाहेर बाकड्यावर बसलेलं असतं.

दाखल्यात मी वैद्यकीय तेवढं लिहिलं. ‘काडीचाही दोष नाही’ हे वाक्य घेतलं नाही; ते ठरवणं डॉक्टरच्या अखत्यारीत नाही. वेगळ्या कागदावर अण्णांनी स्वतः लिहिलं: रक्कम मी उचलली, तीन उसाच्या बिलांतून फेडीन. काकूंनी कागद वाचला. “गंठणाचं पण लिवा.” अण्णांनी तीही ओळ घातली. साक्षीदार म्हणून सही करायला भाऊ तयार होईना, तेव्हा ती काकूंनी केली.

पोलिसांत कुणी गेलं नाही. एक सोडून बाकी सगळ्या बायकांनी हप्ते मान्य केले. त्या एकीचे पैसे मुलीच्या लग्नासाठी साठवलेले होते. तिचा राग अजून गेलेला नाही. पहिला हप्ता अण्णांनी तिलाच नेऊन दिला आणि गोळीचं तिथं एका शब्दानं काढलं नाही, असं काकूंनी नंतर सांगितलं.