मिसळ खाऊन बेळगावला: पतंग महोत्सवातला एक रविवार

शनिवारी रात्री जेवताना ठरत होतं की पहाटे पाचलाच निघायचं. ताई, म्हणजे माझी नणंद, लेकीला घेऊन पुण्याहून खास बेळगावच्या पतंग महोत्सवासाठी आल्या होत्या. गर्दीच्या आत मैदान गाठायचं असं ह्यांचं म्हणणं. सासूबाई भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "पहाटे वारं कुठलं असतंय? धुकं बघायला जायाचंय का पतंग?"

आईंचं माहेर निपाणीकडचं. चार भावांच्या पाठीवरची एकटी बहीण, त्यामुळे पतंगाची फिरकी धरण्यात लहानपण गेलेलं. त्यांचं म्हणणं खरं निघालं आणि बेळगावला जाणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगेन. थंडीच्या दिवसांत रात्री जमीन गार पडते आणि तिच्यावरची हवाही गार होऊन तिथंच बसून राहते. ऊन चढून जमीन तापली की ही हवा हलायला लागते आणि वरचं वारं खाली उतरतं. दहाच्या आधी मैदानात पोचलात तर मोठे पतंग गाठोड्यासारखे जमिनीवर पडलेले दिसतील. तेव्हा सावकाश निघा आणि न्याहारी पोटभर करा.

कोल्हापुरात पाहुणे आले की रविवारची न्याहारी म्हणजे मिसळ, त्यात चर्चा नसते. उद्यमनगरात फडतरेंची मिसळ आहे, कसबा बावड्यात बावडा मिसळ आहे, आणि प्रत्येकाचं स्वतःच्या पेठेतलं एक ठिकाण असतंच, ज्याच्यासाठी तो भांडायला तयार असतो. आम्ही राजारामपुरीतले, त्यामुळे उद्यमनगर आम्हाला जवळ. साडेसातला पोचलो तरी पुढं पंधरा-वीस माणसं होती. बाहेरून येणाऱ्यांनी रविवारी अर्धा-पाऊण तास धरूनच चालावं.

ताट आलं. तळाला मटकी, तिच्यावर बटाट्याची भाजी, मग शेव-चिवडा, वर बारीक चिरलेला कांदा आणि कोथिंबीर. शेजारच्या वाटीत कट, वर लालभडक तवंग. तो चमच्यानं बाजूला सारला की खालून खोबरं-कांद्याच्या वाटणाचा तपकिरी रस्सा दिसतो आणि वाफेबरोबर मसाल्याचा वास थेट नाकात शिरतो.

सईनं ताटाकडं बघून विचारलं, "मामी, पाव कुठंय?"

कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस येतात. कट स्लाइसमध्ये झटकन मुरतो, त्यामुळे अख्खी स्लाइस बुडवून ठेवायची नाही, तुकडा मोडायचा, बुडवायचा आणि लगेच तोंडात टाकायचा. हे तिला दोन घासांत जमलं. मुलांसाठी कट कमी आणि दही जास्त असं आधीच सांगा, कुणी नाही म्हणत नाही. ज्यांना गाडी लागते त्यांनी दुसऱ्या वाटीचा मोह टाळावा, कारण निपाणी सोडली की तवंदीचा घाट आहे. आमच्या अथर्वनं तो मोह टाळला नाही आणि घाटात दोनदा गाडी थांबवावी लागली. आलेपाक किंवा लिंबू जवळ ठेवा.

पावणेनऊला निघालो. उजळाईवाडीला हायवेला लागलं की कागल, कोगनोळीचा टोलनाका, निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका, वंटमुरीचा घाट, काकती असा सरळ रस्ता. अंतर साधारण 110 किलोमीटर. हायवेची कामं चालू असल्यानं ठिकठिकाणी गाड्या सर्व्हिस रोडवर वळवल्या होत्या, म्हणून एरवीच्या दोन तासांऐवजी सव्वादोन तास लागले. फास्टॅगमध्ये जाण्यायेण्याचे पैसे आहेत का ते घरीच बघा. गाडी नसेल तर मध्यवर्ती बसस्थानकावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्हीकडच्या एस.टी. बेळगावला जातात. रेल्वे मिरजेवरून वळसा घेऊन जाते, एका दिवसाच्या फेरीला ती सोयीची नाही.

महोत्सव जानेवारीत असतो, पण नेमके दिवस दरवर्षी बदलतात. निघायच्या आधी तारखा आणि मैदान, दोन्हीची खात्री करून घ्या. आम्ही गेलो तेव्हा मैदान येडियुराप्पा मार्गावर मालिनी सिटीचं होतं. कोल्हापूरकडून येताना गावात न शिरता हायवेनंच पुढं अलारवाड क्रॉसपर्यंत गेलो आणि आत वळलो, त्यामुळे शहरातली गर्दी लागलीच नाही. प्रवेशाला तिकीट नव्हतं.

गाडी लावताना मात्र आम्ही चुकलो. मैदानाला खेटून असलेल्या एका मोकळ्या जागेत एकानं पैसे घेऊन गाडी आत घातली आणि नंतर मागं तीन रांगा लावल्या. निघताना चाळीस मिनिटं अडकून पडलो. थोडं लांब, रस्त्याकडं तोंड करून गाडी लावा आणि दहा मिनिटं चाला.

अकराला आत शिरलो तेव्हा वारं नुकतंच लागायला सुरुवात झाली होती आणि डोळ्यांसमोर एक भला मोठा ऑक्टोपस जागा होत होता. तो क्षण बघायला मिळाला म्हणून दिवसभराचं ऊन सोसलं असं मी म्हणेन. तिघेजण पिशवीतून कापड बाहेर काढत होते, नुसतं रंगीत पातळ कापड, कुठंही काडी नाही. आधी त्यांनी वर एक लहान पतंग सोडला होता. तो उंचावर स्थिर झाल्यावर त्याच्या दोराला हे मोठं धूड जोडलं. एकानं कापडाचं तोंड वाऱ्याकडं उघडून धरलं. पहिल्यांदा टोकाचे पाय फडफडले, मग डोकं हळूहळू फुगलं, एक डोळा वर आला, दुसरा आला, आणि बघता बघता पन्नास-साठ फुटांचं ते जनावर जमिनीवरून सुटलं. आठ पाय हवेत पोहायला लागले. असे ऑक्टोपस आणि पाखट माशासारखे बिनकाडीचे अजस्र पतंग न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी जगभर पोचवले. दोर एका जीपच्या हुकाला बांधलेला होता, कारण माणसांच्या हातांना ती ओढ झेपत नाही.

आई कितीतरी वेळ कपाळावर हात धरून बघत होत्या. "ह्याला कामटी कुठाय?" त्यांनी दोर सांभाळणाऱ्या पोराला विचारलं.

"नसती आज्जी. आत वारं भरतंय, त्यानंच ताठ ऱ्हातोय."

"मग वारंच ह्याची कामटी की!" आई म्हणाल्या, आणि दिवसभर भेटेल त्याला हे सांगत राहिल्या.

कुठं उभं राहायचं याला इथं महत्त्व आहे. त्या दिवशी वारं पूर्वेकडून होतं, म्हणजे पतंग पश्चिमेला कलले होते. दुपारपर्यंत मैदानाच्या पूर्वेच्या कडेला उभं राहिलं की ऊन पाठीवर आणि पतंग समोर उजळलेले. फोटो तेव्हाच काढून घ्या. तीननंतर सूर्य पतंगांच्या मागं गेला आणि वर बघणं अवघड झालं, फोटोत नुसत्या काळ्या आकृत्या आल्या. मैदानात शिरल्यावर चिमूटभर माती हातातून सोडून वारं कुठून आहे ते बघा आणि बस्तान कुठं टाकायचं ते ठरवा.

दुसरं, मुलांना दोरीच्या कुंपणाच्या आत सोडू नका. साडेबाराच्या सुमाराला वारं अचानक पडलं आणि तो ऑक्टोपस गर्दीच्या अंगावर येईल असा खाली झुकला. माणसं धावली, दोर ओढून त्याला आवरलं. पाच मिनिटांत वारं परत आलं आणि तो झटक्यानं वर गेला. त्या झटक्यात दोर हातातून सरकला तर कातडी सोलते. सई कौतुकानं दोराला हात लावायला गेली तेव्हा एका स्वयंसेवकानं तिला मागं ओढलं. त्याचे मनापासून आभार.

पण नुसतं बघून मुलं तासाभरात कंटाळतात. मोठ्या पतंगांसमोर ती मान वर करून उभी असतात, हातात काही नसतं. आम्ही महाद्वार रोडवरून दोन साधे कागदी पतंग, फिरकी आणि सुती दोरा आदल्या दिवशी आणला होता आणि आमचा दिवस खऱ्या अर्थानं त्यानं झाला. नायलॉनच्या मांजाला हात लावू नका, कुणी फुकट दिला तरी. 2017 साली राष्ट्रीय हरित लवादानं त्यावर देशभर बंदी घातली आहे, आणि बंदी नसती तरी दुचाकीवरच्या माणसाचा गळा आणि पाखरांचे पंख कापणारी वस्तू पोराच्या हातात द्यायची नाही. काचेची पूड लावलेला दोराही नको. काटाकाटी करायचीच नाहीये, पतंग उडवायचाय. संक्रांतीच्या आसपास मोटरसायकलनं जाणार असाल तर गळ्याला जाड रुमाल बांधाच, आणि मुलाला टाकीवर पुढं बसवू नका.

मैदानाच्या एका टोकाला, मोठ्या पतंगांपासून लांब, मोकळी जागा होती. तिथं बरीच घरं आपापले पतंग घेऊन आली होती. ह्यांनी सईला पतंग सोडून दिला आणि तो गिरकी घेऊन थेट जमिनीवर आपटला. कागदाला बोटभर चीर पडली. सईच्या डोळ्यांत पाणी.

आईंनी डबा मागितला. दुपारसाठी त्यांनी भात आणि दही वेगवेगळं आणलं होतं, कारण कालवून नेलेला दहीभात उन्हात आंबतो. त्यातली चार शितं त्यांनी तळहातावर घेतली, अंगठ्यानं रगडून खळ केली, तिळगुळाच्या पुडीचा कागद पट्टीसारखा फाडला आणि चिरेवर बसवून नखानं दाबत गेल्या. पाच मिनिटं उन्हात धरल्यावर ठिगळ कडक झालं. मग पतंगाला बांधलेलं दोऱ्याचं मंगळसूत्र, म्हणजे जिथं मुख्य दोरा जोडतात ते, धरून पतंग डोळ्यांसमोर तोलला. डावीकडं झुकत होता, म्हणून उजव्या टोकाला कागदाची एक चिंधी चिकटवली. "आता बघ," म्हणाल्या.

पुन्हा सोडला. आई सईच्या मागं उभ्या राहून सांगत होत्या, "ढील दे. दे की. आता थांब. आता हळू वढ." पतंग एकदा डगमगला आणि चढायला लागला. फिरकी अथर्वच्या हातात गरागरा फिरत होती. सईचा चेहरा एकदम बदलला.

"मामी, तो मला ओढतोय!"

सुती दोऱ्यानं तिच्या तर्जनीवर लाल रेघ उमटली होती आणि तिचं लक्षही नव्हतं. लहान मुलांच्या बोटाला घरूनच चिकटपट्टी लावून न्या. पुढचा दीड तास ती हलली नाही. मागं आकाशात ऑक्टोपस होता, देवमासा होता, परदेशातून आलेल्या पतंगबाजांचे दोन-दोन दोऱ्यांवर नाचणारे पतंग होते. सई फक्त आपलं ठिगळ बघत होती.

ताई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "वहिनी, आईला इतकं येतं हे मला माहीतच नव्हतं." मलाही माहीत नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली.

जाणाऱ्यांसाठी काही बारीकसारीक. टोप्या आणि भरपूर पाणी लागतंच, शिवाय धूळ फार उडते, त्यामुळे चष्मा-गॉगल आणि नाकाला रुमाल हवा. सावली जवळपास नव्हतीच. म्हाताऱ्या माणसांसाठी घडीची खुर्ची आणि छत्री न्या, आम्ही फक्त सतरंजी नेली आणि आईंच्या गुडघ्यांचे हाल झाले. दुपारनंतर गर्दीत फोन लागेना, म्हणून चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते शिरतानाच ठरवा. ध्वनिक्षेपकांचा आवाज तान्ह्या बाळांना सोसणारा नाही, बाळ असेल तर मंचापासून लांब बसा. स्वच्छतागृहाची सोय मिळेल त्या वेळी वापरून घ्या, नंतर रांग वाढते.

साडेचारला निघालो. अंधार पडल्यावर दिव्यांचे पतंग उडतात म्हणे, पण दुसऱ्या दिवशी मुलांना लवकर उठायचं होतं. ज्यांना मुक्काम जमतो त्यांनी थांबावं. गावात शिरून अर्धा किलो कुंदा घेतला. बेळगावला जाऊन कुंदा न आणता परतलं तर शेजारी विचारतात. तपकिरी, रवाळ, दूध आटवून केलेला असतो. आधी चव मागून घ्या, ताजा असला की जिभेवर विरघळतो.

रात्री नवाच्या आत घरी आलो. अथर्वच्या वाट्याला कोरा पतंग आला, ठिगळाचा सईनं आधीच बाजूला काढून ठेवला होता. सोमवारी पुण्याच्या गाडीत बसवताना तो दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून सुतळीनं बांधून दिला. ताई म्हणाल्या, डिकीत ठेवू. सईनं नाही म्हणून सांगितलं आणि मांडीवर घेऊन बसली.