क्षीरसागर काकू 'क' मध्ये कशा गेल्या

आयसीयू, म्हणजे प्रोग्रॅमना भाषांचे नियम पुरवणारी सॉफ्टवेअर लायब्ररी, आवृत्ती ७३ वरून ७४ झाली तेव्हाची गोष्ट. आमच्या वाचनालयातल्या ताईंचा फोन आला, "दादा, सभासदांच्या यादीत क्षीरसागर काकू खऱ्यांच्या वर कशा गेल्या? त्या तर कायम शेवटी असतात." बघतो तर खरंच, कोल्हे, मग क्षीरसागर, मग खरे, आणि वर काळे काशीकरांच्या आधी येऊन बसलेले.

मराठीत ळ, क्ष, ज्ञ हे 'ह' च्या नंतर येतात हे आयसीयू लायब्ररीला माहीत असतं, साइट ज्या पीएचपी भाषेत लिहिली आहे तिचं इंटल नावाचं एक्स्टेन्शन (जोड) तिच्याकडून क्रम घेतं, आणि इंटल नसेल तर साइटचा माझा कोड गुपचूप साध्या युनिकोड क्रमाने नावं लावतो. म्हणजे साइट चालू, स्क्रीनवर एररचा पत्ता नाही, फक्त यादी चुकीची. असला बिघाड मला सगळ्यात जास्त त्रास देतो.

लॉगमध्ये मात्र स्पष्ट लिहिलं होतं, लिबआयसीयूआय१८एन डॉट एसओ डॉट ७३ नॉट फाउंड, म्हणजे आयसीयूची ७३ ची फाईल सापडत नाही. एखाद्या फाईलला कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारं एलडीडी इंटलच्या फाईलवर चालवलं तर तिथेही तेच. सर्व्हर फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा, सगळं पोर्ट्समधून (सोर्सवरून प्रोग्रॅम बनवायच्या तिच्या संग्रहातून) स्वतः कंपाइल केलेलं, आणि आदल्या रात्री मी सगळं एकदम अपडेट करणारी पोर्टमास्टर -ए ही कमांड लावून झोपलो होतो. त्याने आयसीयू नवीन टाकलं, जुनी फाईल गेली, आणि इंटलची पाळी यायच्या आधीच एलएलव्हीएम या कंपायलरच्या भल्यामोठ्या पॅकेजचा बिल्ड मेला. ४ जीबी रॅम पुरली नाही, डीएमसेगमध्ये (सिस्टिमच्या संदेशांत) कंपायलर किल झाल्याची ओळ. सकाळी पीएचपी-एफपीएम (साइटसाठी पीएचपी चालवणारी सेवा) रीस्टार्ट केलं तेव्हा इंटल लोडच झालं नाही.

अशा वेळी ७४ च्या फाईलला ७३ नावाची सिमलिंक (दुसऱ्या नावाचा शॉर्टकट) मारायचा मोह होतो, पण आयसीयूच्या बाबतीत तो मार्गच बंद आहे कारण तिच्या प्रत्येक फंक्शनच्या नावामागेच व्हर्जन चिकटवलेलं असतं, फाईल सापडली तरी आतलं नाव सापडत नाही आणि अनडिफाइन्ड सिम्बॉल येतं. जे जे आयसीयूवर उभं आहे ते सगळं परत बिल्ड करणं हाच खरा उपाय.

आधी एलएलव्हीएम कुणाला हवंय ते शोधलं. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पोर्टमध्ये तो ऑप्शन डीफॉल्टनेच चालू असतो, जेआयटीसाठी (क्वेरी चालवतानाच कंपाइल करून वेग वाढवायला), आणि दोन-तीन हजार नावांच्या डेटाबेसला त्याची काही गरज नाही. मेक कॉन्फिग या कमांडने तो ऑप्शन बंद केला, मेक डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाईलमध्ये एका वेळचे जॉब २ वर आणले, आणि आयसीयू व तिच्यावर उभं असलेलं सगळं परत बिल्ड करणारी पोर्टमास्टर -आर आयसीयू चालवली, सोबत -डब्ल्यू. हा -डब्ल्यू मी आता कधीच सोडत नाही, तो जुन्या शेअर्ड लायब्ररी कॉम्पॅट फोल्डरमध्ये ठेवून देतो म्हणजे अपडेट मध्येच अडकलं तरी जुने प्रोग्रॅम चालू राहतात. आणि पोर्ट्समधली अपडेटिंग फाईल, जिच्यात अपडेट करताना काय सांभाळायचं ते लिहिलेलं असतं, ती मागच्या अपडेटच्या तारखेपासून वरपर्यंत, चहा घेत नीट वाचायची, कमांड नंतर.

बिल्ड संपायला दुपार झाली. एफपीएम रीस्टार्ट करून यादी काढली, काशीकर, काळे, कोल्हे, खरे, आणि पार खाली हळबे, क्षीरसागर. ताईंना लगेच प्रिंट पाठवली.