आरएक्स १००, अपडेट ७: कव्हर काळं, हळद लाल

मामाची जुनी यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल दुरुस्त करतोय. मागच्या वेळी लिहिलं होतं की पुढच्या अपडेटला इंजिन चेसीसमध्ये बसलेलं दिसेल. विसरा. मॅग्नेटो कव्हर, म्हणजे इंजिनच्या बाजूचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण, काळं पडलंय. एखादा डाग नाही, तव्याच्या बुडासारखं सरसकट काळं.

२०१९ च्या महापुरात मामाची गाडी पाण्यात होती हे जुन्यांना माहीतच आहे. तो गाळ ऑइलमध्ये मुरून कव्हरच्या कोपऱ्याकोपऱ्यात दगड झालाय. रॉकेलनं निघेना, आणि रॉकेल तरी आता कुठं सहज मिळतंय? म्हणून कुपवाड एमआयडीसीकडनं सुटं डिग्रीजर (तेलकट मळ काढायचं द्रावण) आणलं. पाच लिटरचा कॅन, लेबल नाही. दुकानदार म्हणाला, "सगळ्या मेटलला चालतंय, बिनधास्त टाका." टाकलं. शनिवारी रात्री प्लास्टिकच्या बादलीत कव्हर बुडवलं, दहा मिनिटांत बारीक बुडबुडे यायला लागले. मळ सुटतोय म्हणून मी खूश, गेलो झोपायला.

सुटत होतं ते कव्हर. डिग्रीजर अल्कली निघालं, कॉस्टिक सोड्याच्या जातीचं. अल्कलीत अ‍ॅल्युमिनियम विरघळतं आणि हायड्रोजन निघतो. बुडबुडे त्याचे होते. बादली बंद खोलीत नव्हती हे नशीब. मिश्रधातूतलं सिलिकॉन, तांबं वगैरे विरघळत नाही, तेच वर काजळीसारखं राहतं. गंमत म्हणजे अपडेट ४ मध्ये सायलेन्सरची जाळी मी स्वतः कॉस्टिकमध्येच उकळून काढली होती आणि शेखी मिरवली होती. ते लोखंड होतं, म्हणून खपलं. (तेव्हा विचारलेल्याला पुन्हा सांगतो: पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकवर पाणी नाही. आणि चष्मा घाला.)

काळं काढायला तीन संध्याकाळी गेल्या. आधी भरपूर पाण्यानं धुतलं. मग लिंबूसत्व, लिटरला दोन चमचे, वीस मिनिटं. काळ्याचं करडं झालं, बास. पुढं स्कॉच ब्राइट, मग ६००, १०००, १५०० चा वॉटर पेपर, शेवटी मेटल पॉलिश. सपाट भाग आता असा चमकतोय की दाढी करून घ्यावी. अक्षरांच्या खाचा मात्र अजून काळ्याच, तिथं दातांचा ब्रश चालू आहे. टॉयलेट क्लीनर सुचवणाऱ्या गड्यांनो, नको. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, ते अ‍ॅल्युमिनियमही खातं आणि हँडलबारचं क्रोमही.

आता खरी गोष्ट. बुधवारी आई माझा आमटी सांडलेला शर्ट घासत होती. साबण लागला आणि हळदीचा डाग लालभडक. हे लहानपणापासून बघतोय, डोक्यात प्रकाश आत्ता पडला. अल्कलीत हळद लाल होते! सांगलीत राहून, अख्ख्या देशाला हळद विकणाऱ्या गावात, मी कव्हर जाळून घेतलं.

कोरोनातलं उरलेलं सॅनिटायझर, त्यात चमचाभर हळद, त्यात बुडवून वाळवलेल्या कोऱ्या कागदाच्या पट्ट्या. आधी साध्या पाण्याचा थेंब: पिवळाच. भांड्याचं लिक्विड: जेमतेम फरक. कपड्याचा साबण: लाल. ते डिग्रीजर: रक्तासारखं.

पण इथंच घोळ आहे. साबणही लाल आणि कॉस्टिकही लाल, मग जहाल कोण हे कळायचं कसं? लिहितालिहिता सुचलं: पातळ करत जायचं. एक चमचा डिग्रीजर, नऊ चमचे पाणी; त्यातला एक चमचा, परत नऊ चमचे पाणी. आत्ताच करून आलो. डिग्रीजर तिसऱ्या पातळीलाही लाल, साबणाचं पाणी दुसऱ्यालाच पिवळं. अंदाजपंचेच आहे, पण लेबल नसलेल्या कॅनपुढं एवढंही पुष्कळ. आणि पेट्रोल, थिनर, ब्रेक क्लीनर यांना ही पट्टी लावू नका. तिथं पाणीच नाही, पट्टी काही बोलणार नाही. त्यांचा धोका वेगळा: थिनर ऑइल सील आणि रबर फुगवतो, पेट्रोलची वाफ गॅस गीझरपर्यंत जाते आणि पेट घेते. क्लोरीनवालं ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला वेल्डिंग तर अजिबात नको, फॉस्जीन हा विषारी वायू होतो.

कार्बोरेटर याच डिग्रीजरमध्ये टाकायचा बेत होता. रद्द. मिकुनी कार्बोरेटरचं सगळं रबर आणि फ्लोट आधी बाहेर काढतो, मग कार्ब क्लीनरचा स्प्रे, जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकांत) तार न घालता. क्लच कव्हर डिझेल आणि ब्रशनं, मग भांड्याच्या लिक्विडनं.

उरलेलं साडेचार लिटर डिग्रीजर परत न्यायला गेलो तर दुकान बंद. जाळीचा दुसरा तुकडा अजून चोंदलेलाच आहे, त्याला वापरून टाकतो. बादलीवर मार्करनं लिहून ठेवलंय: फक्त लोखंड.