तुम्ही विचारलंत म्हणून: प्रेअरी डॉगसाठी कोणती रायफल?

अमेरिकेतल्या साउथ डकोटात राहतो आणि उन्हाळ्यात प्रेअरी डॉग मारायला जातो हे कळलं, की आपल्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो: "दादा, रायफल कोणती घेऊ?" उत्तरही ठरलेलं आहे. .२२३ रेमिंग्टन काडतुसाची, जाड नळीची, बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खटका ओढायची.

नावात डॉग असला तरी हा प्राणी खारीच्या कुळातला. वजन जेमतेम किलोभर. बिळाच्या तोंडावरच्या मातीच्या ढिगावर उभा राहिला तर पाण्याच्या लिटरभर बाटलीएवढा दिसतो. तेवढ्यावर दोनशे-अडीचशे यार्डांवरून नेम धरायचा, तोही दिवसभर. हरणाच्या शिकारीत मोसमात दोन-चार गोळ्या सुटतात, इथे सकाळीच शंभर.

मी पहिली रायफल वेगाला भुलून घेतली, .२२-२५० काडतुसाची. तिची ५५ ग्रेनची (सुमारे साडेतीन ग्रॅमची) गोळी सेकंदाला ३,६०० फुटांच्या वर जाते, .२२३ची ३,२०० च्या आसपास. पण त्या वेगासाठी काडतुसातली दारूही जास्त जळते, म्हणजे नळी लवकर तापते आणि लवकर झिजते. तासाभरात नळीला हात लावता येईना. तिच्यावरून उठणाऱ्या वाफांनी स्कोपमधलं (रायफलीवरच्या दुर्बिणीतलं) चित्र पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. तशातच मी साडेतीनशे यार्डांवर गोळी झाडली. प्रेअरी डॉग जखमी झाला आणि पुढच्या दोन पायांवर फरफटत बिळात गेला. त्याचं पुढे काय झालं असेल हे मला कळतं, आणि ते अजून टोचतं. त्यानंतर अडीचशेच्या पलीकडे मी बोट ट्रिगरवर नेत नाही.

.२२३चं मोठं सुख म्हणजे धक्का इतका कमी, की गोळी कुठे लागली ते स्कोपमधून स्वतःला दिसतं. चुकली तर माती डावीकडे उडाली की उजवीकडे, हे बघून वारा कळतो. आणि इथे खरा खेळ वाऱ्याचाच. माझ्या पायाशी गवत पूर्वेला झुकलेलं असतं आणि दोनशे यार्डांवरची धूळ पश्चिमेला चाललेली असते. सोबत मी .१७ एचएमआरची रायफल ठेवतो. २००२ साली आलेलं हे काडतूस शंभर-सव्वाशे यार्डांपर्यंत फार गोड चालतं आणि .२२३ची नळी निवेपर्यंत हाताशी असतं. मात्र गोळी फक्त १७ ग्रेनची, वारा सुटला की तिचा भरवसा नाही.

गोळी मात्र पातळ कवचाची, लागताच फुटणारी घ्या. एक तर प्राणी जागीच मरतो, दुसरं म्हणजे ती जमिनीवरून टप्पा खाऊन पलीकडच्या गाईंकडे जाण्याची भीती कमी. मी आता शिसं नसलेली तांब्याची वापरतो. मेलेले प्रेअरी डॉग गरुड खातात, आणि शिशाचे कण त्यांच्या पोटात जातात.

पैसे उरले तर स्कोपवर घाला. याच बिळांत राहणारं छोटं घुबड ढिगावर अगदी तस्संच ताठ उभं असतं, आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. स्वस्त काचेतून ते दोघं सारखेच दिसतात. काळ्या पायांचं फेरेट, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी, तर जवळजवळ प्रेअरी डॉगवरच जगतं. १९८१ साली वायोमिंगमध्ये पुन्हा सापडेपर्यंत ते नामशेष झालं असंच धरलं होतं. आमच्याकडे कोनाटा बेसिनमध्ये ते पुन्हा सोडलंय, म्हणून तिथे प्रेअरी डॉग मारायला बंदी आहे. बाकी सरकारी जमिनींवरही १ मार्च ते १४ जून शिकार बंद, कारण तेव्हा पिल्लं असतात.

आणि एच-वन-बीवर असाल तर हे आधी वाचा. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवता येत नाही. सवलती मोजक्या, आणि त्यातली नेहमी उपयोगी पडणारी म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. मित्राची रायफल पाच मिनिटं हातात घ्यायची असली तरी नियम तोच. तेव्हा परवाना आधी काढा, दुकानात नंतर जा.