खिडक्यांची वाटणी

कोकणात टाइल म्हटलं की आधी कौल डोळ्यांसमोर येतं. कौलाचं सगळं कसब एकमेकांवर चढून बसण्यात. वरचं खालच्यावर नीट चढलं नाही, तर मिरगाच्या पहिल्याच सरीला माजघरात टोप मांडायची वेळ येते. संगणकाच्या पडद्यावर मात्र हे चढून बसणंच जाचाचं होतं. पत्राखाली हिशोब, हिशोबाखाली ब्राउझर, आणि हवी ती खिडकी नेमकी सगळ्यांच्या तळाशी. लिनक्सवरचा टायलिंग विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या मांडून देणारा प्रोग्रॅम, या सगळ्या खाली उतरवतो आणि फरशीसारख्या शेजारी शेजारी बसवतो. काम मोजणीदाराचं: पडदा मोजायचा, हिस्से पाडायचे.

हिस्से पाडण्याच्या रिती निरनिराळ्या. २००९ पासूनचा आय-थ्री नावाचा विंडो मॅनेजर समान वाट्याचा पुरस्कर्ता. मॉड कळ (आज्ञांसाठी राखलेली, ऑल्ट किंवा विंडोजची) धरून एंटर दाबलं की टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहायची खिडकी, येतं आणि सगळा पडदा घेतं. दुसरं आलं की अर्धा-अर्धा, तिसरं आलं की तिघांना सारखा तिसरा हिस्सा. बीएसपीडब्ल्यूएम हा दुसरा विंडो मॅनेजर ज्या खिडकीत आपण उभे असू तिचेच दोन तुकडे करतो. बाकीच्यांच्या बांधाला हात लावत नाही. म्हणून शेवटच्याच्या वाट्याला आधी पाव, मग अर्धपाव, आणि मग सातबाऱ्यावर नाव आहे पण उभं राहायला जागा नाही अशी गत. २००६ सालचा डीडब्ल्यूएम थोरल्याचा मान ठेवतो: डावीकडचे ५५ टक्के मुख्य खिडकीला, उरलेल्या ४५ मध्ये बाकी सगळी भावंडं एकाखाली एक. रोजच्या लिखाणाला हीच रीत सगळ्यांत सोयीची वाटते, कारण लिहायचं एकाच खिडकीत असतं आणि बाकीच्या नुसत्या डोळ्यांच्या कोपऱ्यात हव्या असतात. ऑल्ट-एल ने थोरल्याचा वाटा वाढतो, ऑल्ट-एच ने घटतो.

समान वाटणीचा तोटा आकड्यांत दिसतो. जुन्या लॅपटॉपचा पडदा १३६६ पिक्सेल रुंद. तिघांत वाटला की प्रत्येकी ४५५, चौघांत ३४१. एवढ्या चिंचोळ्या पट्टीत कुठलंही संकेतस्थळ सरळ उभं राहत नाही. तेव्हा आय-थ्रीमध्ये मॉड-डब्ल्यू दाबून खिडक्या टॅबमध्ये घालाव्यात, म्हणजे जमीन सामायिक राहते आणि कसायची पाळी ज्याची त्याची. आणखी एक घोळ नव्या माणसाचा हमखास होतो. मॉड-एच म्हणजे आडवी विभागणी, पण आडव्या असतात त्या खिडक्यांच्या रांगा. मधला बांध उभाच पडतो. बांधाकडे पाहून कळ दाबली की उलटंच होतं.

हे सगळं कळफलकावरून करण्याचं कारण इथे तरी हवेत आहे. आषाढात बोटं कोरडी अशी राहतच नाहीत, आणि ओलसर बोटाखाली ट्रॅकपॅड बिथरतो: बाण उडतो, नसलेली क्लिक होते, ओढलेली खिडकी मध्येच सुटते. कळीला ओल्या बोटाचं काही वाटत नाही. रॅटपॉयझन नावाचा एक जुना विंडो मॅनेजर तर माउसला औषध घालायलाच निघालेला. माडावरची कोवळी शहाळी उंदरांनी पोखरलेली ज्यांनी पाहिलीत, त्यांना ते नाव वावगं वाटू नये. भाद्रपदात तेवढं जरा हळू उच्चारावं.

मराठी लिहिणाऱ्याची खरी परीक्षा पुढे आहे. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकात एच, जे, के, एल या पुष्कळांच्या सवयीच्या दिशादर्शक कळांवर प, र, क, त बसलेत. आय-थ्रीच्या दिशादर्शक कळा एक घर उजवीकडे, म्हणजे जे, के, एल आणि अर्धविराम. त्या निघतात र, क, त, च. नुसता मराठी कळफलक लावून ठेवला तर विंडो मॅनेजर डी शोधत बसतो, आणि डी च्या जागी हलन्त असतं. मॉड-डी दाबा, प्रोग्रॅम उघडायची पट्टी येतच नाही. उपाय साधा आहे: कळफलक ठरवणाऱ्या सेटएक्सकेबीमॅप या आज्ञेला एकटा आयएन (भारतीय) देऊ नये, यूएस,आयएन अशी जोडी द्यावी, स्वल्पविरामानंतर जागा न सोडता, आणि यूएस पहिला. आय-थ्री आणि डीडब्ल्यूएम दोघेही कळ ओळखताना पहिला थर पाहतात, त्यामुळे आपण मराठीत असलो तरी शॉर्टकट चालतात. वेलँड या पडद्याच्या नव्या व्यवस्थेवर चालणाऱ्या स्वे या विंडो मॅनेजरमध्ये हा भरवसा धरू नये; तिथे कळ आज्ञेला बांधणाऱ्या बाइंडसिमला टू-कोड हा पर्याय जोडून द्यावा.

भाषा बदलायला ऑल्ट-शिफ्ट ही जोडी पुष्कळांच्या बोटांत बसलेली असते. मॉड म्हणून ऑल्टच निवडली असेल तर हिच्या वाटेला जाऊ नये, कारण ऑल्ट-शिफ्टने सुरू होणाऱ्या प्रत्येक आज्ञेला भाषाही बदलत राहते. कॅप्स लॉक ही कळ नाहीतरी बसून खाते. सेटएक्सकेबीमॅपच्या पर्यायांत जीआरपी:कॅप्स_टॉगल लिहून तिला कामाला लावावी.

पडद्यावरच्या दालनांना (वर्कस्पेस) आपल्या घरासारखी नावं द्यायला मजा येते: ओटी, माजघर, पडवी. पण नावाआधी आकडा इंग्रजीच हवा. देवनागरी १ लिहिला तर आय-थ्रीला तो आकडा वाटत नाही. दालन रांगेत सगळ्यांत शेवटी जाऊन बसतं. ही नावं दाखवणाऱ्या पट्टीच्या फॉन्टमध्ये नोटो सान्स देवनागरी लिहून टाकावा. टर्मिनलची मात्र निवड जपून: एक्सटर्म आणि एसटी जोडाक्षरं जोडत नाहीत, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. एमएलटर्म त्यातल्या त्यात शहाणा.

एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्यांनी एक कळ जपावी. मॉड-शिफ्ट-क्यू ने आय-थ्रीमध्ये समोरची एक खिडकी बंद होते. तीच कळ डीडब्ल्यूएममध्ये अख्खं बिऱ्हाड उठवते, तेही न विचारता. आणि डीडब्ल्यूएमची मांडणी सी भाषेतल्या कॉन्फिग.एच या फाइलमध्ये असते. बदल केला की पुन्हा मेक ही आज्ञा चालवून डीडब्ल्यूएम नव्याने बांधायचा. कॉन्फिग.डेफ.एच मध्ये कितीही लिहिलं तरी काही बदलत नाही, कारण तिची नक्कल पहिल्या वेळीच निघते. कॉन्फिग.एच एकदा तयार झाली की मूळ फाइलकडे कोणी बघत नाही.

अशा विंडो मॅनेजरने मेमरीची बचत होते ती खरी, पण ब्राउझरची दहा पानं उघडली की ती पाण्यात. हलकेपणाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते: न मागता काहीच मिळत नाही. पावसात वीज जाते, लॅपटॉप बॅटरीवर येतो, आणि संपत आली असं सांगायला कोणी नसतं. आय-थ्रीस्टेटसच्या माहितीपट्टीत तीस मिनिटांपेक्षा कमी बॅटरी उरली की आकडा लाल होतो, तेवढंच. सिस फोल्डरमधल्या क्लास, पॉवर_सप्लाय, बॅट०, कपॅसिटी या वाटेने गेलं की बॅटरीचा नुसता आकडा मिळतो. दर ६० सेकंदांनी तो वाचून पंधराखाली नोटिफाय-सेंडने सूचना धाडणारी चार ओळींची स्क्रिप्ट पुरते, पण ती सूचना पडद्यावर दाखवायला डन्स्ट हा प्रोग्रॅम चालू हवा. ही स्क्रिप्ट क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, घालू नये. क्रॉनला आपल्या सत्रातले निरोप पोचवणाऱ्या डी-बसचा पत्ता ठाऊक नसतो, सूचना वाऱ्यावर जाते. आय-थ्रीच्या कॉन्फिगमध्ये ती एक्झेक ने सुरू करावी. एक्झेक_ऑलवेज लिहिलं तर प्रत्येक मॉड-शिफ्ट-आर ला, म्हणजे आय-थ्री पुन्हा सुरू केला की, एकेक नवी स्क्रिप्ट सुरू होते, आणि ऐन काळोखात पाच जणी एकदम ओरडायला लागतात.