कुशीनगरची गाडी नागपूरहून निघावी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीच्या मैदानावर माझी आजी होती. बाबासाहेबांना ज्या वृद्ध भिक्खूंनी त्रिशरण आणि पंचशील दिले, ते भदंत चंद्रमणी भगवान बुद्धांचे महापरिनिर्वाण जिथे झाले त्या कुशीनगरहून आले होते, हे ती आम्हांला पुनःपुन्हा सांगत असे. ते कुशीनगर आपल्या डोळ्यांनी पाहण्याची तिची इच्छा मात्र राहून गेली.

आयआरसीटीसीच्या महापरिनिर्वाण एक्स्प्रेसने मी आईला घेऊन गेलो, ते याच ओढीने. आठ दिवसांच्या या यात्रेत गाडी बहुधा रात्री धावते आणि दिवसा बसने दर्शन घडते. गयेला उतरून बोधगया, पुढे राजगीर व नालंदा, वाराणसीहून सारनाथ, नौतनवाला उतरून सोनौलीची सीमा ओलांडल्यावर नेपाळातील लुंबिनी, गोरखपूरहून कुशीनगर आणि बलरामपूरहून श्रावस्ती असा तिचा क्रम आहे. वयस्क माणसांना प्रत्येक गावी सामान उचलावे लागत नाही, हे या गाडीचे खरे उपकार आहेत.

कुशीनगरच्या परिनिर्वाण विहारात उजव्या कुशीवर पहुडलेली तथागतांची सुमारे सहा मीटर लांबीची मूर्ती आहे. १८७६ च्या उत्खननात ती भग्नावस्थेत सापडली आणि नंतर जोडण्यात आली. आईने चरणांपाशी वंदन केले आणि दीक्षाभूमीच्या बोधिवृक्षाखाली वेचलेले पान वहीतून काढून बराच वेळ हातात धरले. मला त्या वेळी आजी फार आठवली.

पण ही गाडी सुटते दिल्लीहून, म्हणजे नागपूरकरांनी आधी सुमारे अकराशे किलोमीटर उत्तरेला जावे आणि मग यात्रेला आरंभ करावा. शिवाय संपूर्ण वातानुकूलित गाडीचे भाडे आमच्या वस्तीतल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचे आहे. एप्रिल २०२३ मध्ये बाबासाहेबांच्या नावाने महू, नागपूर, सांची, सारनाथ, गया, राजगीर, नालंदा अशी भारत गौरव गाडी निघाली, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र तीही दिल्लीहूनच सुटली आणि तिच्या मार्गात कुशीनगर नव्हते. ज्या गावाहून दीक्षा देणारे भिक्खू आले, त्या गावी दीक्षा घेणाऱ्यांच्या लेकरांना नेणारी, शयनयान डब्यांची आणि परवडणाऱ्या भाड्याची एक गाडी धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर नागपूर स्थानकावरूनच सुटावी, अशी माझी रेल्वेकडे कळकळीची मागणी आहे.